उजनीपासून अठरा मिनिटं

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक व्हायला आलेल्या मुलामुलींना तीन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. ७७००, ७६०० आणि ७५००. विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र असतं. नियंत्रण कक्ष देईल तो चार आकडी क्रमांक त्यात फिरवला की खालच्या रडारच्या पडद्यावर त्या विमानाशेजारी तो उमटतो. रोजचे क्रमांक बदलत राहतात, हे तीन जगभर कायम आहेत. ७७०० म्हणजे विमान संकटात आहे. ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडलाय. ७५०० म्हणजे विमानाचं अपहरण झालंय.

या अंकासाठी संपादकांनी ‘पहारा’ हा विषय दिला, तेव्हा कंदाहारची आठवण सगळीकडे ताजी झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आयसी ८१४ च्या अपहरणाला २५ वर्षं होणार होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यावरची मालिका आली आणि ज्यांनी तो आठवडा टीव्हीसमोर बसून काढला होता त्यांच्या घरात पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. सरकारनं काय करायला हवं होतं, हा त्या चर्चेतला ठरलेला प्रश्न. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडला होता. विमान पळवलं जातंय हे सगळ्यांत आधी कळतं कुणाला? आणि ज्याला कळतं त्याच्या हातात काय असतं? आकाशाचे नियम जिथे अगदी पहिल्या धड्यापासून शिकवले जातात, तिथूनच सुरुवात करावी म्हणून बारामती गाठली.

पंख हलवणारं विमान

बारामतीच्या धावपट्टीवर प्रवासी विमानसेवा नाही. औद्योगिक वसाहतीपलीकडे, गोजुबावी-कटफळच्या बाजूला हा विमानतळ आहे आणि तिथला दिवसभराचा आवाज शिकाऊ विमानांचा. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यामुळे सकाळी दृश्यमानता बरी झाली की एकामागून एक सॉर्टी सुरू होतात. इंदापूर, भिगवण, फलटणकडच्या शेतकऱ्यांना हा आवाज इतका सवयीचा आहे की मान वर करून कुणी बघतही नाही. बघण्याची वेळ आली ती जुलै २०२२ मध्ये. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक शिकाऊ विमान कोसळलं. आतली तरुण प्रशिक्षणार्थी वाचली, आणि तिच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचली ती आसपासच्या रानातली माणसं.

वर्गातल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीला मी विचारलं, लढाऊ विमान शेजारी आलं तर काय कराल? तिनं दोन्ही पंजे विमानासारखे धरले आणि दाखवायला लागली. लढाऊ विमान मागून येतं, तुमच्या डाव्या हाताला, थोडं पुढे आणि थोडं वर येऊन थांबतं आणि पंख डावीउजवीकडे हलवतं. अर्थ : मी तुम्हाला अडवलंय, मागोमाग या. मग ते सावकाश डावीकडे वळतं. तुम्हीही पंख हलवायचे आणि मागे जायचं. त्यानं विमानतळावर येऊन चाकं खाली सोडली, तर तिथे उतरायचं. आणि ते झटकन वर चढत तुमच्यापासून दूर वळलं, तर समजायचं की तुम्हाला मोकळं केलं.

“रेडिओवर १२१.५ लावायचं,” ती म्हणाली. “सगळे ऐकतात ती फ्रिक्वेन्सी. पण सर म्हणतात, रेडिओ चालेलच असं धरायचं नाही. म्हणून पंखांची भाषा.”

तिचे सर दारात उभे होते. मी त्यांना ७५०० बद्दल विचारलं. हा आकडा प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो? ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “तो फिरवायला वैमानिकाचा हात मोकळा असायला लागतो.”

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत चार प्रवासी विमानं पळवली गेली. चारही विमानांचे वैमानिक अनुभवी होते आणि आकडा सगळ्यांनाच पाठ होता. चारांपैकी एकाही विमानातून तो खाली पोचला नाही. एवढा वेळच मिळाला नाही.

उजनीवरचं गणित

बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगरचा कारखाना, सणसर, मग निमगाव केतकीचे पानमळे लागतात. तुकोबांच्या पालखीची ही वाट. इंदापूरच्या अलीकडे एका वस्तीवर वायुसेनेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हटलं. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी पश्चिम सीमेवरच्या रडार युनिटांमध्ये काढली. आता डाळिंबाची बाग बघतात.

रडार दोन तऱ्हांचं असतं, हे त्यांनी अंगणात बसून समजावलं. एक रात्री शेताची राखण करणाऱ्यासारखं : कोण आहे, म्हणून हाक देतं आणि समोरच्यानं नाव सांगितलं तर ओळखतं. विमानातला ट्रान्सपॉन्डर त्याला उत्तर देतो, म्हणून पडद्यावर क्रमांक दिसतो, उंची दिसते. दुसरं नुसतं लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतं. त्याला वस्तू दिसते, नाव दिसत नाही. ट्रान्सपॉन्डर बंद केलेलं विमान पहिल्याच्या पडद्यावरून नाहीसं होतं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर उरतं ते एक निनावी टिंब.

म्हणून आपल्याकडे उड्डाणाआधी एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. हवाई संरक्षणाची परवानगी ती हीच. बारामतीहून लांबच्या सरावाला निघणाऱ्या छोट्या विमानालाही त्यातून सूट नाही. कुठून निघालं, कुठल्या वाटेनं, किती वाजता, हे आधी कळवलेलं असलं की वायुसेनेला पडद्यावरच्या टिंबाशी ते ताडून बघता येतं. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर विचारणा, आणि उत्तर नाही आलं तर तळावर सज्ज ठेवलेली विमानं वर जातात. सज्ज विमानांच्या त्या जागेला नाना ‘ओआरपी’ म्हणतात. तिथले वैमानिक उड्डाणाचा पोशाख चढवूनच बसलेले असतात.

मी नकाशा काढला. मुंबईहून हैदराबाद, चेन्नईकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाटा याच टापूच्या आसपासून जातात. उजनी धरणाच्या पाण्यावरून मुंबई सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर. प्रवासी विमान ताशी साडेआठशे किलोमीटरनं गेलं तर अठरा मिनिटं. पुण्याजवळचा लोहगावचा तळ शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सुखोई लढाऊ विमानाला तिथून इथे यायला सात-आठ मिनिटं. कागदावर हे जमतं.

नानांनी नकाशा बाजूला सारला. “साहेब, तुमचं घड्याळ विमान वळलं तेव्हा सुरू झालं. आमचं आम्हाला कळलं तेव्हा सुरू होतं. आधी कंट्रोलवाला दोन-तीनदा हाक मारणार. त्याला वाटणार रेडिओ बिघडलाय. मग शेजारच्या विमानाला म्हणणार, जरा तू बोलून बघ. मग वरच्याला सांगणार. वरचा आणखी वरच्याला. पोरगं विमानात पट्टा आवळून बसलेलं असतं हो, पण त्याला सांगणार कोण, कुठं जा म्हणून?”

अठरा मिनिटांतली निम्मी अशी कळण्यातच जातात. पुढे विमान गाठायचं, ओळखायचं, आत काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, आणि मग विमान पाडायचं का, या प्रश्नाशी यायचं, ज्याचं उत्तर कुठल्याच वैमानिकाला एकट्यानं द्यावं लागू नये.

गप्प झालेलं विमान

प्रवाशांना पत्ताही नसतो आणि हे सगळं यंत्र हलतं, असंही घडतं. १६ फेब्रुवारी २०१७ ला जेट एअरवेजचं ९डब्ल्यू ११८ मुंबईहून लंडनला निघालं होतं. आत ३३० प्रवासी, १५ कर्मचारी. जर्मनीच्या आकाशात त्याचा जमिनीशी संपर्क तुटला. हाकांना उत्तर येईना, तेव्हा जर्मन वायुसेनेची दोन युरोफायटर विमानं वर गेली आणि त्याच्या शेजारी उडू लागली. मागून येणाऱ्या विमानातून घेतलेली त्याची चित्रफीत नंतर सगळीकडे फिरली : ढगांच्या वर मोठं विमान, आणि बाजूला येऊन ठेपलेले दोन लहान ठिपके. कारण निघालं चुकीच्या फ्रिक्वेन्सीचं. थोड्याच वेळात संपर्क झाला आणि विमान सुखरूप हीथ्रोला उतरलं. त्या ३३० जणांत मुंबई-पुण्याची किती कुटुंबं असतील, आणि त्यांतले किती त्या वेळी झोपेत असतील.

जर्मन वैमानिकांना त्या काही मिनिटांत एवढंच ठाऊक होतं की एक भरलेलं विमान बोलत नाही. बिघाड, चूक आणि अपहरण या तिन्हींचं बाहेरून दिसणारं रूप एकच असतं.

मुंबईनं याची दुसरी बाजूही पाहिली आहे. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियात रात्री शस्त्रं टाकून गेलेलं अँटोनोव्ह-२६ काही दिवसांनी पुन्हा भारताच्या आकाशातून चाललं असताना त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं गेलं. त्यातला मुख्य सूत्रधार मात्र विमानतळावरून निसटला. जून २००९ मध्ये अमेरिकी लष्करासाठी भाड्यानं घेतलेलं, दिएगो गार्सियाहून कंदाहारला निघालेलं अँटोनोव्ह-१२४ परवानगीच्या घोळामुळे असंच मुंबईत उतरवलं होतं. या दोन्ही वेळी विमानाचा ताबा त्याच्या वैमानिकांकडे होता आणि त्यांना जीव प्यारा होता. पंखांची भाषा समजून घेणारा कुणी समोर असेल तोवर हवाई पहारा उत्तम चालतो.

पस्तीस मिनिटं

समोर तसा कुणी नसेल तर काय, याचं उत्तर युनायटेड ९३ च्या गोष्टीत आहे. ११ सप्टेंबरचं हे चौथं विमान. न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं बोइंग ७५७. ३३ प्रवासी, ७ कर्मचारी, ४ अपहरणकर्ते. ते सुटायलाच सुमारे २५ मिनिटं उशीर झाला. सकाळी ९ वाजून २८ मिनिटांनी अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये घुसले. १० वाजून ३ मिनिटांनी विमान पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या रानात आदळलं. तिथून वॉशिंग्टन साधारण वीस मिनिटांवर होतं. म्हणजे उजनीपासून मुंबई आहे, जवळजवळ तितकंच.

त्या पस्तीस मिनिटांत बाहेर काय झालं, ते अमेरिकेच्या चौकशी आयोगानं मिनिटामिनिटानं मांडून ठेवलंय. क्लीव्हलँडच्या नियंत्रकाला धडपडीचे आवाज रेडिओवर ऐकू आले होते. नागरी विमान खात्याच्या मुख्यालयात ९ वाजून ४९ मिनिटांनीही लष्कराला कळवायचं का, यावर बोलणं चालू होतं. ईशान्य विभागाच्या हवाई संरक्षण केंद्राला या अपहरणाची खबर मिळाली १० वाजून ७ मिनिटांनी, विमान पडून चार मिनिटं झाल्यावर. विमान पाडण्याची मुभा त्या केंद्रापर्यंत पोचली १० वाजून ३१ मिनिटांनी, आणि तिथूनही ती आपल्या वैमानिकांपर्यंत गेली नाही. वॉशिंग्टनशेजारच्या अँड्र्यूज तळावरून मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी एफ-१६ घेऊन वर गेले, तेव्हा त्यांच्या विमानांवर क्षेपणास्त्रं नव्हती. गरज पडली तर आपलं विमान आदळायचं, असं ठरवूनच ते निघाले होते. त्यांचं धैर्य खरंच थोर. पण ते ज्याला अडवायला निघाले होते ते विमान तोवर पडलेलं होतं.

आत मात्र माहिती पोचली होती. मागच्या भागात ढकललेल्या प्रवाशांनी आणि हवाई सुंदऱ्यांनी विमानातल्या फोनवरून आणि मोबाइलवरून घरी फोन लावले. पलीकडून कळलं की दोन विमानं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळली आहेत. हे वळण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तोवर जगभरात शिकवण एकच होती : अपहरण झालं तर शांत बसा, सांगतील ते ऐका, विमान कुठेतरी उतरेल, वाटाघाटी होतील. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनुभवातून ती आलेली होती आणि बहुतेक वेळा तिनं जीव वाचवलेही. ९३ मधल्या माणसांना फोनवरच्या काही वाक्यांतून उमगलं की हे विमान उतरणारच नाही. त्यांनी आपसांत मत घेतलं. सँडी ब्रॅडशॉ या हवाई सुंदरीनं नवऱ्याला सांगितलं की ती मागच्या गॅलीत पाणी उकळतेय, हल्लेखोरांवर फेकायला. प्रवाशांत डोनाल्ड ग्रीन होते, त्यांना लहान विमानं चालवता येत होती. ९ वाजून ५७ मिनिटांनी सगळे पुढे धावले.

बारामतीच्या वर्गात ग्रीन यांचा विषय निघाला तेव्हा एकदम शांतता पसरली. मग एका मुलानं विचारलं, “सर, सेसना येणाऱ्याला ७५७ उतरवता आलं असतं?” सर म्हणाले, नियंत्रण कक्षाशी बोलता आलं असतं तर प्रयत्न करता आला असता. पुढे बराच वेळ मुलं आपसांत ऑटोपायलटबद्दल, फ्लॅप्सबद्दल, इंधनाबद्दल बोलत राहिली. कॉकपिटपर्यंत पोचणं हाच भाग कुणाच्या अभ्यासक्रमात नाही.

निर्णय कुणाचा

आपल्याकडे २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ संध्याकाळी अमृतसरला उतरलं आणि पाऊण तासाच्या वर तिथे उभं होतं. विमान भारताच्या जमिनीवर, टाक्यांत इंधन जवळपास संपलेलं. कॅप्टन देवी शरण वेळ काढत होते, जेणेकरून खालच्यांनी काहीतरी करावं. दिल्लीतून स्पष्ट हुकूम आला नाही, कमांडो पोचले नाहीत आणि विमान इंधन न घेताच उडालं. रूपिन कत्याल या प्रवाशाचा जीव गेला. ३१ तारखेला तीन दहशतवादी सोडून प्रवासी कंदाहारहून परत आणले. नुकतंच लग्न झालेला मुलगा गमावलेल्या त्या घराचा विचार केला, की अमृतसरच्या त्या मिनिटांबद्दल शांतपणे लिहिणं मला अजून जमत नाही.

त्यातून आणि ११ सप्टेंबरमधून शिकून ऑगस्ट २००५ मध्ये केंद्र सरकारनं नवं धोरण मान्य केलं. पळवलेलं विमान भारतात उतरलं तर त्याला पुन्हा उडू द्यायचं नाही. वर असलेलं विमान क्षेपणास्त्रासारखं वापरलं जाणार अशी खात्री झाली, तर ते पाडता येईल. वेळ कमी असेल तर पंतप्रधान, संरक्षणमंत्री किंवा गृहमंत्री यांपैकी कुणीही तो निर्णय देऊ शकेल. पुढे २०१६ चा अपहरणविरोधी कायदा आला. त्यात खोटी धमकीही गुन्हा ठरली, आणि अपहरणात बळी गेला तर फाशीपर्यंतची तरतूद झाली.

जर्मनीनंही विमान पाडण्याची मुभा देणारा कायदा केला होता. १५ फेब्रुवारी २००६ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ते कलम रद्द केलं. आतल्या निरपराध माणसांना, इतरांना वाचवण्याचं साधन म्हणून राज्यसंस्थेनं मारायचं, हे मानवी प्रतिष्ठेत बसत नाही, असा त्या निकालाचा गाभा. आपल्याकडे या प्रश्नावर इतक्या खोलात जाऊन सार्वजनिक बोलणं झालेलं नाही, आणि ते व्हायला हवं. हुकूम देणारा, हुकूम पाळणारा आणि विमानात बसणारा, तिघांनाही ते आधी माहीत असण्याचा हक्क आहे.

नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, “हुकूम आला की पोरगं पाळणारच. ती काळजी नको. पण ती वेळच का यावी? जमिनीवर असताना रोखलं तर वरचा प्रश्नच मिटतो.”

कराची, सकाळी सहाच्या सुमारास

जमिनीवर रोखण्याचं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे, आणि ते कुठल्याही सैन्यानं केलेलं नाही. ५ सप्टेंबर १९८६. पॅन ॲमचं ७३ क्रमांकाचं जंबो विमान मुंबईहून निघून कराचीत थांबलं होतं, पुढे फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्क. केबिनमधले कर्मचारी मुंबईत नेमलेले तरुण भारतीय मुलगे-मुली होते, आणि कंपनीसाठी त्यांची तुकडी अगदी नवी. विमानतळ सुरक्षेच्या वेशातले चार सशस्त्र लोक गाडीतून आले आणि गोळीबार करत जिना चढले.

कर्मचाऱ्यांनी त्याच क्षणी इंटरकॉमवरून कॉकपिटला ठरलेला इशारा दिला. वैमानिक छतातल्या सुटकेच्या दारातून दोराच्या साहाय्यानं खाली उतरून गेले. सनशाइन वेसूवाला या हवाई सुंदरीनं बऱ्याच वर्षांनी सांगितलंय की एकानं तिला बंदुकीच्या धाकानं कॉकपिटमध्ये नेलं, तेव्हा ते छतातलं दार उघडं असल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. तिनं तिकडे न बघितल्यासारखं केलं, वैमानिकांना तेवढा वेळ मिळावा म्हणून. काही सेकंदांच्या या कामानं ते जंबो विमान कराचीच्या जमिनीला खिळलं. वैमानिकच नाहीत म्हटल्यावर ते कुठल्या शहराकडे नेणं शक्य नव्हतं, आणि ते पाडायचं का हा प्रश्न कुठल्याही मंत्र्यासमोर येणार नव्हता.

पुढचे सोळा-सतरा तास आतल्यांनी काढले. पासपोर्ट गोळा करायचा हुकूम आला तेव्हा अमेरिकनांना वेचून काढणार हे कर्मचाऱ्यांनी ओळखलं आणि ते पासपोर्ट सीटखाली, कपड्यांत, जमेल तिथे दडवले. रात्री विमानातली वीज मंदावत गेली, अंधार झाला आणि अपहरणकर्त्यांनी अंदाधुंद गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसं गेली. दारं उघडून लोकांना बाहेर काढताना सीनियर पर्सर नीरजा भनोत मारली गेली. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तिचा सहकारी मेहेरजी खरासही त्या गोळीबारात गेला. साडेतीनशेहून अधिक लोक जिवंत बाहेर आले.

नीरजाचं नाव घरोघरी पोचलं, ते योग्यच झालं. तिच्याबरोबरचे जे वाचले, ते मात्र जवळजवळ तीस वर्षं जाहीर बोलले नाहीत. त्यांच्यातले काही २०१६ मध्ये पहिल्यांदा बोलले. कॉकपिटला इशारा देणारी शरीन पवन आणि उघडं दार न पाहिल्यासारखं करणारी वेसूवाला त्यांत होत्या. बारामतीत आकडे आणि पंखांच्या खुणा शिकवल्या जातात, तशीच या दोघींची ती काही सेकंदं शिकवली जायला हवीत, वैमानिकांनाही आणि दर उड्डाणाआधी आपल्याला दारं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही. ते दारं दाखवत असतात तेव्हा बहुतेक प्रवासी फोनमध्ये बघत असतात. परतल्यावर लोहगावहून निघालेल्या विमानात मी मागची दोन्ही दारं कुठे आहेत ते बघितलं आणि माझ्या ओळीपासून तिथपर्यंत किती सीट आहेत ते मोजून ठेवलं.